सरळ वागल्याचं मेडल

आमचा घरमालक कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला जातो ना, तेव्हासुद्धा छातीवर मेडलं लावून जातो. खाली पायजमा, वर कोट, कोटावर ओळीनं चार मेडलं, आणि डबा ओढत असा चालतो, जसं काही इंग्लंडचा राजाच समोरच्या ड्राइव्हवेत उभा आहे.

म्हातारा तिकडचाच, इंग्लंडचा. सगळी उमर फौजेत काढली आणि मग बायकोचं माहेर म्हणून इथं कॅनडात, सरेला आला. बायको मार्गरेट, ती गेल्या वर्षी वारली. आता वर तो एकटा, खाली बेसमेंटमध्ये आम्ही तिघं. माझं नाव त्याच्या तोंडात बसत नाही म्हणून मी 'मिसेस डाउनस्टेअर्स'. आमची चिऊ अजून रांगते, ती 'प्रायव्हेट', म्हणजे फौजेतला सगळ्यात खालचा शिपाई. ती रडली की वरून काठी ठोकतो, ठक ठक. आमचे हे ट्रक घेऊन कायम बाहेर, फोनवर एकच सांगतात, "म्हाताऱ्याला नाराज करू नको गं, थंडीत दुसरं बेसमेंट कुठनं आणू?" मग मी दिवसभर पोर कडेवर घेऊन फिरते. पाठ नुसती मोडून जाते, पण खाली ठेवलं की रडतेय, काय करू?

दर रविवारी तो किचनच्या टेबलावर पेपर पसरून मेडलं घासतो. मी लाँड्रीला वर गेले की पकडतोच. "हे आयर्लंडचं, तिथं नुसता पाऊस खाल्ला. हे बेटावरचं, तिथं माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. हे वाळवंटातलं, बुटातली वाळू अजून निघतेय. आणि हे गुड कंडक्ट, सरळ वागल्याचं. म्हणजे सापडलो नाही, त्याचं!" स्वतःच हसतो आणि मला सोडतो, "कॅरी ऑन!" इंग्लिश निम्मं कळतं, निम्मं हातवाऱ्यांवरून लावते.

मागच्या आठवड्यात त्याला ताप आला. मी पेज घेऊन वर गेले तर तो वॉशरूममध्ये, मेडलं टेबलावर. तीन चकचकीत, आणि ते सरळ वागल्याचं काळंकुट्ट. म्हटलं, दिसत नसेल बिचाऱ्याला. आमच्याकडं देवाची भांडी कोण काळी ठेवतं? तशीच खाली पळाले, चिंच-मीठ आणलं आणि ताम्हनासारखं लखलखीत केलं.

तो बाहेर आला. बघितलं. मी "सॉरी सर, सॉरी सर," आणि कडेवर चिऊनं भोकाड पसरलं.

"मार्गरेट डिड दॅट वन," म्हणाला आणि खुर्चीत बसला. बाकीची तो घासायचा, हे एकच ती. म्हणायची, फौजेनं हे मला न विचारता दिलंय, तू सरळ वागलास की नाही ते आठवड्याला मी बघणार, मग घासणार. ती गेल्यापासून त्यानं त्याला कापड लावलं नव्हतं. तिचा शेवटचा हात होता त्यावर, आणि तो मी चिंचेनं धुऊन काढला.

"कॅरी ऑन," म्हणाला, पण अगदी हळू, आणि आत गेला.

त्यानंतर चिऊ कितीही रडली तरी काठी वाजली नाही. ते तर जास्तच भीतीचं. मी ह्यांना सांगितलंसुद्धा नाही, गुपचूप चिऊचे कपडे बॅगेत भरून ठेवले.

रविवारी सकाळी ठक ठक झालं. म्हटलं, संपलं आता. चिऊला घेऊन वर गेले.

टेबलावर पेपर. तीन मेडलं घासलेली, चौथं माझ्या बाजूला वळवून ठेवलेलं. बशीत चिंच. चिंच कसली, इंडियन ग्रोसरीतनं साखर लावलेल्या चिंचेच्या गोळ्या आणल्या होत्या त्यानं! आणि हा दाढी करून, कोटाची बटणं लावून, काठी भिंतीला टेकवून ताठ उभा.

"धिस वीक," म्हणाला, "प्रायव्हेट रोज रडली. नो स्टिक." घसा खाकरला. "गुड कंडक्ट?"

मी चिऊला त्याच्या हातात दिली आणि घासायला बसले.