दोन बोटांचा हिरो

"मोबाईल कोणताही असो, प्रत्येक नटाचा फोटो बरोबर दोन बोटं रुंद दिसेल. माझी गॅरंटी!"

पोंभुर्ण्याचा कुलदीप वडशाच्या नाटक कंपनीचं ॲप करताना असं बोलून बसला होता. झाडीपट्टीच्या नाटकधंद्यात कोणाचा फोटो केवढा, यावरून अख्ख्या कंपन्या फुटतात! पण कुलदीपच्या स्वतःच्या मोबाईलवर दोन बोटं बरोबर भरत होती, तेवढ्यावर गडी निर्धास्त.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी हिरो धनराजभाऊंनी आपल्या नव्याकोऱ्या महागड्या मोबाईलवर ते ॲप उघडलं. त्यात ते स्वतः करंगळीच्या नखाएवढे! शेजारी विनोदी नट झिंगूचा काच तडकलेला जुना मोबाईल. त्यात झिंगू तळहाताएवढा!

"मी मच्छर आन् हा हत्ती? आज मी तोंडाले रंग लावत नाई!"

मालक देवराव धावत आले. "कुलदीप, गाड्या भरभरून पब्लिक यून राह्यली! हिरो नाई दिसला तं मंडप उखडतीन लोकं!"

कुलदीपला सकाळपासून चहासुद्धा मिळाला नव्हता. तो खुर्चीत बसकण मारत धनराजभाऊंना म्हणाला, "भाऊ, मोबाईलवरचा फोटो ठिपक्यायचा असते. बारीक तांदळाचे शंभर दाणे ओळीनं मांडा, आन् जाड्याचे शंभर मांडा. कोणती ओळ लांब?"

"जाड्याची."

"तुमच्या मोबाईलचे ठिपके बारीक, झिंगूचे जाडे. मी ठिपके मोजून फोटो लावले, तिथीच चुकलो. डीपी नावाचं माप असते. ते लावलं का बारीक ठिपक्यायचा मोबाईल आपणच जास्त ठिपके घेते. फोटो सगळीकडं सारखा!"

"म्हणजे आत्ता झिंगूच्या मोबाईलवर मीबी तळहाताएवढा?"

"हो, पण..."

पण ऐकतो कोण! धनराजभाऊंनी जागच्या जागी झिंगूशी मोबाईल बदलले, सिम काढून घेतलं आणि खुशीत रंगायला बसले. कुलदीपनं मान मोडेस्तोवर बसून सगळीकडे डीपीचं माप लावलं आणि नवं ॲप पाठवून दिलं.

पडदा उघडायच्या आधी धनराजभाऊंनी तडकलेल्या काचेत पाहिलं. दोन बोटं. झिंगूच्या हातातल्या नव्या मोबाईलवर पाहिलं. तिथंही दोन बोटं!

"माहा मोबाईल वापस दे बे!"

झिंगूनं मोबाईल कमरेला खोचला. "काऊन, भाऊ? दाणे बारीक असो का जाडे, फोटो तं आता सारखाच हाय नं!"

दिवसभरात कुलदीपचं बोलणं नीट समजलेला हा एकटाच माणूस. पण त्याची पाठ थोपटायलाही सवड मिळाली नाही, कारण धनराजभाऊ लाकडी तलवार उपसून कुलदीपकडेच येत होते!