सासूबाईंच्या पायासाठी पॉलिश

माडीवरच्या फळ्यांना पॉलिश करून घ्यायचं, हे मी एका मंगळवारी चहा पिता पिता ठरवलं. (ठरवलं म्हणजे कुसुमने सांगितलं आणि मी मान डोलावली. आमच्याकडे ठरवायची हीच पद्धत आहे.) त्या मानेने मला पुढे महिनाभर नाचवलं.

आमचं भंडाऱ्यातलं घर वडिलांनी एका जंगल ठेकेदाराकडून घेतलेलं. त्याच्या घरी लाकडाला काय तोटा? त्याने माडीची सगळी जमीन सागवानी फळ्यांची करून टाकली होती. पण चाळीस वर्षांत त्या फळ्यांची पार रया गेली. आम्हाला सवय होती, आम्ही त्यावरून बेताने चालायचो. एकोणऐंशी सालच्या दसऱ्याला सिहोऱ्याहून माझ्या सासूबाई, गोदावरीबाई, आल्या. त्या बेताने चालणाऱ्यांतल्या नव्हेत. तिसऱ्याच पावलाला फळीची हातभर नसली तरी बोटभर काडी त्यांच्या तळपायात शिरली, आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली की समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं.

पायाला फडकं बांधून त्या गावी गेल्या. कुसुम माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तेव्हा वाटलं, नसती बोलली तर बरं झालं असतं.

"माही माय ज्या घरात पाय टेकवू शकत नाई, त्या घरात मी काहून राहू? भाऊबीजेले सिहोऱ्याले जातो. फळ्या गुळगुळीत झाल्या की निरोप धाडा. तवाच येईन."

"अवो, पण महिनाभरात माणूस कुठं भेटते?"

"ते तुमी पाहा. हेडक्लार्क हाय ना तुमी?"

झालं. मी माणूस पाहायला निघालो.

पहिला भेटला तो बाबूलाल काँट्रॅक्टर. स्कूटर, काखेत डायरी, खिशाला दोन पेनं. इतका सरंजाम पाहून मीच त्याला साहेब म्हणालो. त्याने माडीवर येऊन बुटाने दोन फळ्या ठोकल्या.

"गोपाळराव, हे सब उखडून फेका. स्लॅब टाकू. वरतून मोझॅक."

"मले पॉलिश करायचं हाय."

"तेच सांगून राहिलो ना. मोझॅक झाल्यावर पॉलिश कायले पायजे?"

मी तीनदा समजावलं. त्याने तीनदा मान हलवली आणि डायरीत काहीतरी लिहिलं. "उद्या माणूस पाठवतो." असे आठ उद्या गेले. नवव्या दिवशी सकाळी दाराशी ट्रक आला आणि मी तोंडातला ब्रश काढेपर्यंत ड्रायव्हरने अर्धा ट्रक गिट्टी दारात ओतली. "बाबूलालजीनं सांगतलं, स्लॅब हाय." ती गिट्टी उचलायला बाबूलालला लावण्यात माझी सगळी दिवाळी गेली. भाऊबीजेला कुसुम त्याच ढिगावर चढून, पलीकडे उतरून, मागे न बघता सिहोऱ्याच्या गाडीला गेली.

मग मात्र माझा जीव थाऱ्यावर राहिना. घरात पाय ठेवला की माडीवर जाऊन फळ्या बघायच्या, खाली यायचं, पुन्हा वर जायचं. तिन्हीत्रिकाळ पोहे खायचे. ऑफिसात तलावाच्या दुरुस्तीच्या फायलीवर मी 'तलाव' ऐवजी 'फळ्या' लिहून सहीला पाठवलं. (साहेबांनी सही केली. ते काही वाचत नाहीत.) एकदा तर वाटलं, बाई खरंच आली नाही तर? हसू नका. रिकाम्या घरात माणसाला काहीही वाटतं.

शेवटी ऑफिसच्या चपराशाने कारध्याच्या कवडू वाढयाचं नाव सुचवलं. (आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात.) "त्याच्यासारखा हात नाई बाबूजी." खरंच नव्हता! सायकलवर रंध्याची पेटी बांधून आला, आणि दुपारपर्यंत तीन फळ्या अशा तासल्या की आतलं सागवान मधासारखं दिसू लागलं. मला गहिवरून आलं. मी त्याला स्वतःच्या हाताने चहा दिला.

चहा पिता पिता त्याने विचारलं, "बाबूजी, मोठ्या बाईले लागलं कसं पण?"

मी सांगितलं.

"अन् ओरडल्या कशा?"

मला वाटलं, काय कसबी माणूस आहे! आधी दुखणं समजून घेतो. मी धोतराचा सोगा डोक्यावर पदरासारखा घेतला, एक पाय हातात धरला आणि माडीभर उड्या मारत, "माय वो! माय वो!" करून दाखवलं. कवडूने रंधा खाली ठेवला आणि अगदी बारकाईने पाहिलं. "पुन्हा एक डाव," म्हणाला. मी पुन्हा करून दाखवलं. मग बाबूलाल, गिट्टी, कुसुमची अट, सगळं त्याने विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी सायकल काढून पुलावरून कारध्याला गेलो. त्याची बायको रुखमा अंगणात धान वाळवत होती.

"ते? ते गमतीत गेले."

भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, आणि मंडई म्हटली की दंडारीची नाटकं आली, तमाशासारखी खडी गंमत आली. कवडू गमतीतला सोंगाड्या होता, हे चपराशाने मला सांगितलंच नव्हतं!

"आज कुठं हाय?"

"आज सिहोऱ्याची मंडई नाई का?"

सिहोरा! म्हणजे कुसुमला निरोप जायच्या आधी मीच जाणार, आणि तोही तीन फळ्यांवर. पण इलाज नव्हता. तुमसरवरून गाडी बदलून दुपारी सिहोऱ्यात उतरलो, तो नेमका सासऱ्यांच्या तावडीत सापडलो.

"या या जवाईबापू! मंडईले आले? चांगलं केलं!" तेजरामजींनी मला हाताला धरून थेट गमतीपुढे नेऊन बसवलं आणि पुढ्यात उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी ठेवली. पलीकडे सोडलेल्या बंड्यांवर, म्हणजे बैलगाड्यांवर, बाया बसल्या होत्या. त्यांत कुसुम होती, सासूबाई होत्या. कुसुमने मला पाहिलं आणि भुवया वर केल्या. म्हणजे, झाल्या का फळ्या? मी शिंगाडा सोलू लागलो.

ढोलकी वाजली. शाहिराचा फड उभा राहिला, आणि सोंगाड्या पुढे आला. कोट, धोतर, काखेत फाईल. शहरातला कुणीतरी बाबू होता. त्याला म्हणे वाढई सापडत नव्हता. तो दिसेल त्याला साहेब म्हणत होता. पॉलिश मागितलं तर लोक त्याच्या दारात गिट्टी ओतत होते. असा बावळट माणूस मी जन्मात पाहिला नव्हता! मी इतका हसलो की शिंगाडा घशात अडकला. तेजरामजींनी पाठीवर थापटत मला विचारलं, "जवाईबापू, तुमच्याकडंबी असेच लोक असतेत का?"

"याच्याऊन बेकार असतेत, मामाजी!" मी म्हणालो.

तेवढ्यात सोंगाड्याने सोगा डोक्यावर घेतला, एक पाय हातात धरला, आणि उडी मारली. "माय वो! माय वो!"

माझं हसू जागच्या जागी गोठलं. अजून माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्याला आत्ता गप्प केलं तर निभावणार होतं. मी खिशातून पाच रुपयांची नोट काढली, कवडूला दिसेल अशी उंच धरली आणि खुणेने सांगितलं, की बाबा रे, घे आणि थांब.

(मी जन्माचा भंडाऱ्याचा. मंडईत नोट वर धरली की काय होतं, हे मला ठाऊक असायला नको होतं?)

शाहीर धावत आला, नोट घेतली आणि ढोलकी थांबवून गरजला, "भंडाऱ्याचे गोपाळराव बाबू! आपल्या तेजरामजीचे जवाई! याइच्याकडून पाच रुपये बक्षीस! याच नकलेसाठी! पुन्हा एक डाव!"

आणि कवडूने ती नक्कल पहिल्यापासून केली. या खेपेला नावासकट.

सगळी मंडई माझ्याकडे पाहत होती. मी शिंगाड्याच्या सालांकडे पाहत होतो. इतक्यात बंडीवर गोदावरीबाई उभ्या राहिल्या. मी डोळे मिटून घेतले.

"ए कवडू! असी नाई ओरडली मी! 'माय वो' कवा मनलं? 'मेली वो मेली' मनलं! अन् उजवा पाय नाई, डावा होता!"

त्यांनी बंडीवरच डावा पाय धरून बरोबर करून दाखवलं. कवडूने कान पकडून माफी मागितली. लोक हसून हसून लोळले. कुसुमने तोंडावर पदर घेतला होता. ती हसते आहे की रडते आहे, ते मला कळेना.

गंमत सुटल्यावर ती माझ्यासमोर आली.

"किती फळ्या झाल्या?"

"तीन."

"बाकीच्या?"

"बाकीच्यांचा वाढई त्यो काय, तोंडाचा रंग पुसून राहिला."

ती सरळ कवडूकडे गेली. "दादा, उद्या सकाळच्या गाडीनं आमच्या संग यायचं. नाई तं ह्या हंगामात जिथं जिथं तुमची गंमत हाय, तिथं तिथं माय येईल, अन् असीच उभी राहून तुमाले दुरुस्त करेल."

कवडू दुसऱ्या दिवशी आमच्या आधी स्टँडवर हजर होता. पाच दिवसांत त्याने सगळी माडी तासली, काचकागदाने घासली, चपड्याच्या पॉलिशचे तीन हात दिले. फळ्यांत माझं तोंड दिसू लागलं. कुसुम घरात, फळ्या गुळगुळीत! त्या दिवशी मी पाहुण्यासारखा उंबऱ्यात उभा राहून नुसता बघत बसलो. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आता एकच राहिलं होतं. सासूबाईंनी येऊन त्यावर पाय ठेवायचा आणि मला एकदा 'बरं केलं' म्हणायचं.

महिन्याभराने त्या आल्या. मी ऑफिसला दांडी मारली. पुढे होऊन त्यांना माडीवर नेलं, दार उघडलं आणि बाजूला झालो.

सगळ्या जमिनीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, धानाचे बोरे, म्हणजे रिकामी पोती, एकमेकांना शिवून अंथरले होते. आदल्या रात्री तर तिथे काही नव्हतं!

"हे काय?" मी जिन्यातून खाली ओरडलो.

"एवढी चांगली वस्तू उघडी ठेवतेत का कोणी?" कुसुम स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमी चहा-गिहा सांडान, तुमचा काय भरोसा."

मी घाईघाईने कोपऱ्यातला बोरा उचलायला वाकलो.

"बोऱ्याले हात लावू नका, सांगून ठेवतो!" खालून आवाज आला.

सासूबाईंनी बोऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत इतकी माया मी कधी पाहिली नव्हती.

"राहू द्या जवाईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "नाई झालं तं नाई झालं. झाकाची अन् पोरीले खोटं बोलाले लावाची काय गरज होती? मी चप्पल घालून येत जाईन."