न हलणाऱ्या माणसाची होडी

"होडीत पाय ठेवला की मी न्हावी नाही!"

झुलपेदादांनी भर सलूनमध्ये, हातातला वस्तरा उंच धरून ही घोषणा केली, तेव्हा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने तोंडाला साबण असतानाच टाळ्या वाजवल्या. वस्तरा गळ्यापासून लांब गेला, याचाच त्याला जास्त आनंद झाला असावा.

झुलपे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. जन्मभर लोकांची झुलपं कापली म्हणून गल्लीने दिलेली ती पदवी. दादांचे हात सारखे शिवशिवायचे. कुणाकडे भेटायला गेले, तरी बोलता बोलता बोटं यजमानाच्या कल्ल्यांवर! गेल्या सुट्टीला तर बायकोला घेऊन बागेत फिरायला निघाले आणि बाकावर डुलक्या घेणाऱ्या एका अनोळखी आजोबांच्या कानावरचे केस साफ करत बसले. वहिनी एकट्याच घरी आल्या. मग जो अबोला सुरू झाला, तो संपताना वहिनींनी एकच मागणं मागितलं. सुट्टीचा एक दिवस दोघांचा. मध्ये तिसऱ्या कुणाचं डोकं नको!

आणि दादांना होडी सुचली. छोटीशी, ॲल्युमिनियमची, तळ्यात नि नदीत दोन्हीकडे चालणारी.

"अगं, पाण्यात फक्त मासे! आणि माशांना केस नसतात!"

वहिनींना हा मुद्दा बिनतोड वाटला. होडी घ्यायला निघताना त्यांनी दादांचे खिसे तपासले. कंगवा निघाला, तो ठेवून घेतला. छोटी कात्री निघाली, तेव्हा दादा कळवळून म्हणाले, "ती राहू दे गं! गळाची दोरी कापायला लागते."

तळ्याच्या काठावर होडीवाल्याची शेड होती. आत होड्या उलट्या निजवून ठेवलेल्या, नुसत्या चकचकीत! दादा लहान मुलासारखे हरखले. या होडीवर टकटक करून बघ, त्या होडीच्या काठावरून अंगठा फिरव, असं त्यांचं सुरू झालं.

"ही रुंद आणि सपाट तळाची घ्या," होडीवाला म्हणाला. "उथळ नदीत अडकत नाही, आणि जरा हललात तरी डगमगत नाही."

"छे! ही काय, परातच आहे! ती बघा, ती निमुळती. लाटा कशी कापत जाईल!"

"जाईल की. पण तिच्यात गप्प बसावं लागतं, दादा. उभं राहिलात की संपलं."

"मी?" दादांनी छाती फुगवली. "मी म्हणजे दगड! एकदा बसलो की बसलो!"

वहिनींनी वर छताकडे बघितलं. न्हावी जन्मात कधी कामाला बसतो का हो? दिवसभर खुर्चीभोवती प्रदक्षिणा घालणारा हा माणूस, म्हणे दगड!

होडीवाला म्हणाला, "चला, त्या निमुळतीतूनच एक फेरी मारून बघू."

पुढे होडीवाला वल्हं मारत, मध्ये दादा, मागे वहिनी. गळ पाण्यात पडले. ऊन कोवळं, पाणी निवांत. वहिनी हसून म्हणाल्या, "किती छान वाटतंय ना?" दादांना तर आनंदाने भरून आलं. हीच होडी! आजच घ्यायची! त्यांनी समाधानाने समोर पाहिलं.

समोर होडीवाल्याची मान होती.

डावीकडचे केस कानाखाली, उजवीकडचे कानाच्या वर. मधोमध एक झुपका, जणू भिंतीतून उगवलेलं गवत! दादांनी डोळे मिटले. उघडले. झुपका तिथेच!

"केस कुठे कापता हो?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घरीच. आरशात बघून."

"अहो," मागून वहिनींचा आवाज आला, "पाण्याकडे बघा."

दादांनी पाण्याकडे बघितलं. पाण्यातही झुपकाच! शेवटी त्यांनी मनाशी तडजोड केली. तेवढा एकच झुपका. बसल्या बसल्या. कुणाला कळणारही नाही.

कच्.

होडीवाला दचकला. "आवाज कसला?"

"कसला आवाज?"

कच्, कच्.

"अरे देवा! रिव्हेट सैल झालं की काय?" होडीवाल्याने घाबरून पुढे वाकून होडीचे सांधे चाचपायला सुरुवात केली. वाकल्यामुळे मान अशी काही सुरेख समोर आली, की दादांनी संधी सोडली नाही. कच्, कच्, कच्! डावी बाजू हां हां म्हणता मार्गी लागली.

"अहो, मासा!" वहिनी ओरडल्या. "तुमच्या गळाला मासा लागलाय! ओढा!"

"थांब गं, कल्ला राहिलाय!"

"कल्ला?" होडीवाल्याने मानेवर हात फिरवला. डावीकडे गार वारा लागत होता. हाताला आपलेच केस लागले. तो किंचाळला, "दादा, हे काय चाललंय?"

"हलू नका! अर्धंच झालंय! उजवी बाजू तेवढी मला समोरून बघू द्या!"

आणि दादा उठले. सलूनमध्ये उठतात तसेच उठले आणि गिऱ्हाइकाला वळसा घालून समोर जायला निघाले!

निमुळती होडी एकदाच झुकली. दादा आणि होडीवाला दोघेही धप्पकन पाण्यात! होडी पुन्हा सरळ झाली, आणि तिच्यात वहिनी कोरड्या ठणठणीत बसलेल्या. दादांचा सुटलेला गळ त्यांनी वेळीच पकडला होता, आणि त्याला चांगला हातभर मासा तडफडत होता.

पाणी कमरेइतकंच होतं. दादा कात्री उंच धरून उभे राहिले. वहिनींकडे बघायची त्यांची हिंमत होईना. एक दिवस मागितला होता बिचारीने, एकच दिवस!

"आता बघता काय?" होडीवाला गरजला. "उरलेलं कापा! अर्धं डोकं घेऊन शेडमध्ये उभा राहू का मी?"

काठावर बसवून दादांनी ते डोकं असं सजवलं, की गळ टाकून बसलेले दोघे-चौघे उठून बघायला आले. होडीवाल्याने पाण्यात आपलं रूप न्याहाळलं आणि तो विरघळला. धीर येऊन दादा म्हणाले, "मग, ती निमुळती बांधून द्या."

"तुम्हाला? अजिबात नाही! ही होडी न हलणाऱ्या माणसासाठी आहे." तो वहिनींकडे वळला. "वहिनी, तुम्हाला देतो. आनंदाने देतो!"

वहिनींनी एकदा दादांकडे पाहिलं, एकदा माशाकडे, आणि होडी घेतली.

आता दर सुट्टीला दोघं तळ्यावर जातात. निदान जाताना तरी बरोबर असतात. मग वहिनी एकट्याच ऐटीत तळ्याच्या मध्यावर जातात, आणि काठावर दादांसमोर गळवाल्यांची रांग लागते.

परवा मानेला टॉवेल गुंडाळलेल्या एका नवख्याने विचारलं, "ती मधली सुंदर होडी कुणाची हो?"

"आमचीच!" दादा अभिमानाने म्हणाले.

"मग तुम्ही इथे कसे?"

दादांनी त्याच्या मानेवरचा टॉवेल नीट केला. मग म्हणाले, "मान खाली घाला."