शून्य कसं धरायचं?

मन्मथप्पांना आजवर कुणी फसवलेलं नाही. हे अख्ख्या तलवाड्याला माहीत आहे, कारण मन्मथप्पा स्वतःच ते अख्ख्या तलवाड्याला सांगत असतात. त्यांचं कापडाचं दुकान आहे. डोळे मिटून दोन बोटांत कापड चुरगाळायचं आणि सूत किती, भेसळ किती, खरा भाव काय नि सांगितलेला काय, हे एका दमात सांगून टाकायचं, ही त्यांची ख्याती. खांद्यावर गेल्या वर्षापासून कायम एक दुधी रंगाचं, जांभळ्या काठाचं उपरणं. एखाद्या गिऱ्हाइकानं मोबाइलवर साड्या पाहिल्याचं नुसतं नाव काढलं की मन्मथप्पा ते उपरणं पुढं करायचे.

"हात लावून बघा. आमच्या सासुरवाडीचं हाय, हातमागाचं. फोटोला हात लावून असलं काही कळतंय का?"

गिऱ्हाईक बिचारं हात लावायचं आणि मान डोलवायचं. अशा माणसावर ऑनलाइन खरेदीची पाळी आली, ती उमाबाईंमुळं.

उमाबाई म्हणजे त्यांची बायको. चार वर्षं डोळ्यांत मोतीबिंदू वागवत होत्या. यंदा दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि बाईंना जग नव्यानं दिसायला लागलं. दुकानाच्या आढ्याची जळमटं दिसली, मन्मथप्पांच्या कानातले केस दिसले, आपण इतके दिवस ज्याला काळं मांजर समजत होतो ते तपकिरी आहे हेही दिसलं. प्रत्येक गोष्टीपाशी थांबून त्या म्हणायच्या, "हे असं हाय व्हय!" एका संध्याकाळी गच्चीवरचे पापड गोळा करताना त्यांची नजर चंद्रावर गेली आणि त्याच्यावर ते काळं काय आहे, असं त्यांनी सुनेला विचारलं. सून स्वप्नाली हायस्कुलात विज्ञान शिकवते. ती म्हणाली की त्यातलं बरंचसं सपाट मैदान आहे, पण बाकी नुसते खड्डे नि डोंगर आहेत, आणि ते दुर्बिणीतून छान दिसतात. पौर्णिमेपेक्षाही अष्टमीला, कारण अर्ध्या चंद्राच्या कडेला सावल्या लांब पडतात.

जेवायला बसल्यावर उमाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "मला एक दुर्बीण पायजे."

मन्मथप्पांचा घास हातातच राहिला. अडतीस वर्षांच्या संसारात या बाईनं कधी काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा नाही, दुकानात उरेल ती नेसायची. आता मागितलं तर थेट चंद्रच. त्यांना एकदम भरून आलं आणि त्या भरात ते शब्द देऊन बसले, की येत्या महिन्यातल्या शुद्ध अष्टमीला तुला चंद्रावरचे खड्डे दाखवले नाहीत तर नावाचा मन्मथप्पा नाही.

गेवराई झाली, बीड झालं. दुर्बीण म्हणून मिळाली ती जत्रेतली, एका टोकाला पिवळी शिट्टी असलेली. शेवटी स्वप्नालीनं मोबाइलवर एक चांगली शोधून दिली. तिपाईसकट तीन हजार दोनशे. आता एकच प्रश्न उरला होता, पैसे भरायचे कसे. स्वप्नालीच्या मते तो एका मिनिटाचा प्रश्न होता. मन्मथप्पांनी त्याला वीस दिवस लावले.

त्यांचं कुतूहलच निराळं. फोनवरून पैसे भरायचे म्हटलं तर त्यांना आधी हे हवं होतं, की इथून निघालेले पैसे तिथं पोचेपर्यंत असतात कुठं. सून म्हणाली, अप्पा, एका सेकंदाचं तर काम. ते म्हणाले, बरं, पण त्या सेकंदात ते कुणाचे? त्यांच्या स्वतःच्या गल्ल्यावर चौकोनी ठिपक्यांची पाटी होती आणि गिऱ्हाइकानं पैसे टाकले की ओरडून सांगणारा डबाही होता. पण तो डबा पैसे आले की बोलतो, गेले की बोलत नाही, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. मग कार्ड. कार्ड हातात घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं. नंबर तोंडावर, तारीख तोंडावर, आणि गुप्त आकडा म्हणतात तो पाठीवर. कुलपालाच किल्ली बांधून ठेवल्यासारखं हे, असं म्हणून त्यांनी ते परत कपाटात ठेवलं.

शेवटी बँकेतल्या बद्रीनाथ कारकुनाकडं गेले. त्यानं सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं, की मोबाइलवर येणारा ओटीपी तोंडानं कुणाला सांगू नका, लिहून देऊ नका, दाखवू नका. मन्मथप्पांनी ही तिन्ही कलमं पाठ केली. घरी येऊन त्यांनी निकाल दिला की माल दारात आल्यावर रोख पैसे देणं हाच खरा मार्ग. बापजाद्यांचा. स्वप्नाली म्हणाली, तोही ठीकच आहे. अष्टमीला दहा दिवस राहिले होते, तेव्हा एकदाची ऑर्डर गेली.

तृतीयेला दुपारी पार्सल आलं. घेऊन आला शिवशंकर. चकलांब्याचा चांगला तिशीतला गडी, मोटारसायकलवर खोकी बांधून गावोगाव फिरणारा. मन्मथप्पांनी पैसे मोजून मुठीत धरले होते. उमाबाई आतल्या पडद्याआडून खोक्याकडं बघत होत्या. शिवशंकर म्हणाला, "अप्पा, मोबाइलवर ओटीपी आला असंल, तेवढा सांगा."

मन्मथप्पांनी पैशाची मूठ खिशात घातली. आत्ता कळला डाव.

"कावून सांगू?"

"सांगितल्याबिगर माझा फोन पार्सल सोडत न्हाई."

हा पैशाचा ओटीपी नाही, हा फक्त माल मिळाल्याचा आहे, हे शिवशंकरनं तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं. चोर दुसरं काय सांगणार? पण पडद्याआड उमाबाईंचे नवे डोळे चमकत होते, त्यामुळं मन्मथप्पांना हाकलूनही देता येईना. मोठ्या पेचात पडले. तोंडानं सांगायचा नाही, लिहून द्यायचा नाही, दाखवायचा नाही. मग त्यांना बद्रीनाथच्या तीन कलमांतली फट सापडली.

लहानपणी ते वडिलांबरोबर जनावरांच्या बाजारात बैलांच्या झुली विकायला जात. तिथं दलाल लोक धोतराच्या सोग्याखाली नाहीतर उपरण्याखाली हातात हात घालून सौदा करतात. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच, पंजा दाबून वर एक बोट धरलं की सहा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. आणि शिवशंकर कोण, तर चकलांब्याच्या हरिबा दलालाचा पोरगा.

"हात आण इकडं," मन्मथप्पा म्हणाले आणि खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर पसरलं.

आकडा होता सात शून्य चार शून्य. सात पटकन झाले. पंजा दाबला, दोन बोटं धरली, शिवशंकरनं मान हलवली आणि दुसऱ्या हातानं फोनवर सात दाबला. मग मन्मथप्पा अडले. शून्य कसं धरायचं? त्यांनी हात ढिला सोडला. शिवशंकरला वाटलं दम घेतायत. मग चार बोटं धरली, पुन्हा हात सोडला. शिवशंकरकडं सात आणि चार, दोनच आकडे जमा. बाकीचे दोन त्यानं मागितले, तर मन्मथप्पांनी पुन्हा हात ढिला सोडून डोळ्यांनी खूण केली. त्यानं अंदाजानं काहीतरी दाबलं. चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला मन्मथप्पांनी शून्यासाठी त्याचा अंगठा धरला, तो त्यानं एक म्हणून दाबला. तेही चुकलं.

एव्हाना दुकानासमोर माणसं जमली होती. मन्मथप्पा भर दुकानात उपरण्याखाली सौदा करतायत, म्हणजे बैलजोडी घेतायत, हे कुणालाही दिसत होतं. एवढ्या मोठ्या कापडवाल्यानं जोडी कशाला घेतली असेल, शेती घेतली काय, कुठं घेतली, यावर लोक बोलायला लागले. भगवानराव नावाच्या गृहस्थानं तर घरी पोराला निरोप धाडला आणि अर्ध्या तासात दोन खिलारी बैल दुकानाच्या पायरीशी आणून उभे केले. त्यातल्या एकानं बाहेर टांगलेल्या परकराची नाडी चघळायला घेतली.

शिवशंकरला घाम फुटला. एकच खेप उरली होती. त्यानं बापाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, हातात शून्य कसं धरायचं?"

हरिबा पलीकडून म्हणाला, "पन्नास वरसं दलाली केली बे. शून्याला बैल कुणी मागितला न्हाई."

तिसरी खेपही चुकली. फोननं पार्सल कुलूपबंद केलं. शिवशंकर हळहळला, पण त्याच्या हातात काही नव्हतं. त्यानं खोकं परत मोटारसायकलला बांधलं आणि गेवराईच्या रस्त्याला लागला. बैलवाल्याला समजावून परत धाडण्यात मन्मथप्पांची संध्याकाळ गेली. रात्रीपर्यंत ऑर्डर रद्द झाल्याचा निरोपही आला.

उमाबाई चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या गच्चीवर जाऊन पापड गोळा करून आल्या. मन्मथप्पांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की तीन हजारांना फसलो असतो तर बरं झालं असतं. चतुर्थी गेली, पंचमी गेली. चंद्र रोज थोडा थोडा मोठा होत होता आणि ते रोज मान खाली घालून दुकान बंद करत होते. षष्ठीला ते पिवळ्या शिट्टीची दुर्बीण आणायला निघालेही होते, पण अर्ध्या वाटेतून लाजून परतले.

अष्टमीला दुपारी दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती. उमाबाई आतून आल्या आणि आपला फोन त्यांनी मन्मथप्पांच्या नाकापुढं धरला.

"आहो, एवढा आकडा वाचा जरा."

फोनवरचं बारीक अक्षर दिसेनासं झाल्यापासून दोन वर्षं त्या असाच फोन पुढं करत आल्या होत्या, आणि मन्मथप्पा असंच वाचून दाखवत आले होते. आताही एका हातानं मांजरपाट मोजता मोजता त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "नऊ, शून्य, शून्य, तीन."

"बरं," म्हणत उमाबाई आत गेल्या.

मग मन्मथप्पांची मोजपट्टी हवेतच थांबली. हिचे डोळे तर आता चांगले झालेत. पडदा सारून ते आत गेले. मागच्या दारात शिवशंकर खोकं टेकवून उभा होता आणि उमाबाई त्याला चहा देत होत्या.

"हे कसं आलं?" मन्मथप्पांनी विचारलं.

"तुमीच आणलं की. आकडा कुणी सांगितला?"

ज्या दिवशी पहिलं खोकं परत गेलं त्याच रात्री उमाबाईंनी आपल्या फोनवरून तीच दुर्बीण पुन्हा मागवली होती. पैसे आधीच भरून. मन्मथप्पांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की पैसे तिथं पोचेपर्यंत मधल्या सेकंदात कुणाचे होते.

"मला काय ठाव. मी पापड लाटत होते."

"आन् मी वाचत होतो ते आकडे? मला वाटलं गॅसचे हायेत."

"दर पंधरा दिवसाला गॅस कोण घेतंय हो?"

म्हणजे दोन वर्षं आपण ओटीपी वाचून दाखवत होतो. मोठ्यानं, भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत. शिवशंकर चहाच्या कपात बघत हसू दाबत होता. एवढं सगळं येत होतं तर मग माझ्याकडं कशाला मागितलीस, असं मन्मथप्पांनी जरा तोऱ्यातच विचारलं. उमाबाईंनी खोक्यावरची चिकटपट्टी ओढता ओढता उत्तर दिलं, "एकदा तुमच्याकडं मागून बघायचं होतं."

मन्मथप्पांनी खोक्याचं दुसरं टोक धरून ठेवलं. दिवस मावळता मावळता स्वप्नालीनं गच्चीवर दुर्बीण लावून दिली. उमाबाई बराच वेळ डोळा लावून उभ्या होत्या. मग एकदम हसल्या आणि म्हणाल्या, "अवो, इथं तर नुसती शून्यच शून्य हायेत. या, बघा, कशी धरायची ती."

मन्मथप्पांनीही पाहिलं. खरंच होती, गोल गोल, एकात एक. त्यांचे डोळे पाणावले आणि सगळी शून्यं एकमेकांत मिसळली. डोळे पुसायला त्यांनी खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि पुसता पुसता सहज विचारलं, की दोन वर्षांत मागवलंस तरी काय काय?

चाळण मागवली, पायपुसणं मागवलं, कुकरची शिट्टी मागवली, असं उमाबाई सांगत गेल्या, आणि सांगता सांगता त्यांची नजर त्या दुधी रंगाच्या, जांभळ्या काठाच्या उपरण्यावर येऊन थांबली. मन्मथप्पांनी डोळे मिटले, काठ दोन बोटांत धरला आणि हळूच चुरगाळून पाहिला.