गाडीखालील जागेबाबत

प्रत्येक वस्तूला खालची बाजू असते, हे सत्य शासनाने अद्याप नाकारलेले नाही. वरच्या बाजूला रंग देता येतो, हार घालता येतो, तिच्यासमोर उभे राहून फोटो काढता येतो. खालची बाजू बघायची तर वाकावे लागते, आणि वाकून बघणे कोणत्याही जबाबदार पदाच्या कर्तव्यांत मोडत नाही. मोटारगाडीही याला अपवाद नाही.

भालचंद्रराव पांढरीपांडे यांच्यापुढे हा प्रश्न निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी उपस्थित झाला. घराणे मूळचे नागपूरचे. वडील सरकारी फायलींबरोबर भोपाळला आले आणि फायलींप्रमाणेच परत गेले नाहीत. स्वतः भालचंद्ररावांनी चौतीस वर्षे पूल बांधले. एकूण एकसष्ट. (मोऱ्या धरल्या तर एकशे अठरा. निरोपाच्या भाषणात धरल्या होत्या.) कोटरा सुल्तानाबादच्या घराच्या पोर्चमध्ये त्यांची अकरा वर्षांची पांढरी गाडी उभी असे. वर्षातून दोनदा ती सर्व्हिसिंगला जाई आणि तशीच परत येई.

'तशीच' हा शब्द महत्त्वाचा आहे. या खेपेला गॅरेजने दिलेल्या तक्त्यावर चोवीस कामे होती आणि चोविसांपुढेही बरोबरच्या खुणा होत्या. सगळ्या एकाच पेनाने, एकाच झोकात, वरपासून खालपर्यंत ओढत आणलेल्या. भालचंद्ररावांनी तो झोक पाहताक्षणी ओळखला. चौतीस वर्षांच्या सरावाशिवाय हात असा फिरत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

"ऑइल बदललेलंच नाही," ते बायकोला म्हणाले. "नुसती धुऊन दिलीय."

यापुढे ऑइल घरीच बदलायचे, असे त्यांनी त्याच दिवशी ठरवले. मोबाइलवर एका परदेशी गृहस्थाचा व्हिडिओ सापडला. तो गृहस्थ लाकडी फळ्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचून दोन रॅम्प करतो, गाडीची पुढची चाके त्यांवर चढवतो, स्वतः खाली सरकतो आणि अकरा मिनिटांत ऑइल बदलून मोकळा होतो. रॅम्प त्याने एका दुपारी बनवले होते. भालचंद्ररावांना त्यातला उथळपणा खटकला. माणसाने साधी बैठकसुद्धा घेतली नव्हती.

भालचंद्ररावांच्या रॅम्पला सात आठवडे लागले. नकाशांना तीन आठवडे, सालवृक्षाचे लाकूड की सागवान या तुलनात्मक तक्त्याला दोन आठवडे, मुहूर्ताला नऊ दिवस आणि सुतारकामाला एक दिवस. (उरलेले चार दिवस कागदोपत्री सापडत नाहीत.) गाडीच्या पुढच्या चाकांवर पाचशे किलोसुद्धा वजन येत नव्हते, पण आकडेमोडीला बसल्यावर हात सवयीने चालला आणि दोन्ही दिशांची वाहतूक, पूर व एक मध्यम आकाराची मिरवणूक धरली गेली. कोलार रोडच्या वखारीतून फळ्या आल्या, तेव्हा गोविंद सुताराने डोके खाजवले.

"साब, इसपे हाथी चढ़ेगा क्या?"

हत्ती नकाशात राहून गेल्याचे भालचंद्ररावांच्या लक्षात आले आणि त्यांनी प्रत्येक रॅम्पला एक फळी वाढवली.

गुरुवारी सकाळी समारंभपूर्वक उद्घाटन झाले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे रॅम्प, त्यांवर 'डावा' आणि 'उजवा' अशा पाट्या, नारळ, पेढे, शेजारपाजारची सतरा माणसे. गाडी गुरगुरत चढली आणि नऊ इंच उंचीवर नाक वर करून थांबली. मागच्या चाकांना दगड लावले गेले. टाळ्या झाल्या. समोरून चार आणि बाजूने दोन फोटो निघाले.

"अहो," त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई म्हणाल्या, "चढली. आता खाली कोण जाणार?"

वैजयंतीबाई बत्तीस वर्षे एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासत होत्या. त्यामुळे असे प्रश्न विचारण्याची वाईट सवय त्यांना लागलेली होती.

प्रश्न अत्यंत योग्य असल्यामुळे त्यावर तातडीने काही करणे शक्य नव्हते. आधी पाच दिवस 'स्थिरता निरीक्षण' झाले. मग भार-चाचणी झाली: तीन शेजारी आणि एक गव्हाचे पोते गाडीत बसवून ठेवण्यात आले. (पोत्याची तक्रार नव्हती.) त्यानंतर भालचंद्ररावांनी प्रमाणपत्र लिहिले, 'सदर रॅम्प सर्वतोपरी सुरक्षित आहेत', खाली सही केली आणि ते पोर्चच्या भिंतीला चिकटवले. या काळात बिट्टन मार्केटची भाजी रिक्षाने येत होती, कारण गाडी सुरक्षित अवस्थेत होती.

अखेर जितेंद्र मेकॅनिकला बोलावणे गेले. त्याने रॅम्प पाहिले, प्रमाणपत्र वाचले, बोट फिरवत सहीपर्यंत पोहोचला.

"साब, ये आपने ही बनाया है?"

"हमने ही बनाया है. एकदम पक्का."

"तो पेले आप लेटो ना. मैं पाना पकड़ाता हूँ."

भालचंद्ररावांना त्या क्षणी कंबरेत चमक आली. जितेंद्रने आग्रह केला नाही, तो चहा पिऊन निघून गेला.

दहाव्या दिवशी वैजयंतीबाईंनी जुना पंजाबी ड्रेस घातला, जमिनीवर गोणपाट पसरले, पाना घेतला आणि कोणतीही पूर्वसूचना न देता गाडीखाली सरकू लागल्या. त्या कंबरेपर्यंत आत गेल्यावर भालचंद्ररावांनी पाहिले. त्यांना भीती वाटली. साधीसुधी नव्हे; चौतीस वर्षांत तोंडून कधी निघाले नव्हते ते निघाले.

"अगं बाहेर ये! भरवसा नाही त्याचा!"



"प्रमाणपत्रात तर तुम्हीच लिहिलंय," खालून आवाज आला.

"ते लिहायचं असतं!"

खालचे सरकणे थांबले. मग वैजयंतीबाई अगदी हळू म्हणाल्या, "आपल्या अमेयच्या शाळेच्या वाटेवरचा पूल तुमचाच होता ना? बारा वर्षं मी पोराला रोज त्यावरून पाठवलं."

यावर भालचंद्ररावांना मुदत मागण्याचेही सुचले नाही. ते खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी गाडीचा बंपर धरला. गाडी आठशे किलोची, भालचंद्रराव बासष्ट किलोचे. गाडी खाली आली असती तर त्यांच्या धरण्याने नेमके काय झाले असते, हे कोणत्याही आकडेमोडीत बसत नाही. तरी ते एकोणीस मिनिटे धरून बसले. रॅम्पने हूं की चूं केले नाही. करण्याचे कारणच नव्हते. कागदावरच्या सगळ्या फळ्या लाकडातही असलेले त्यांच्या हातचे ते बहुधा पहिलेच बांधकाम होते.

ऑइल डांबरासारखे काळे निघाले. गॅरेजबद्दलचा त्यांचा अंदाज अचूक ठरला. याचा त्यांना काडीचाही आनंद झाला नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी कॉलनीच्या सभेत ठराव मांडला: ज्याने ज्या कामावर सही केली असेल, त्याने त्या कामाखाली दहा मिनिटे पडून राहावे; खाली आडवे होण्याजोगे काम नसेल, तर ते आधी स्वतःच्या घरात वापरावे. सत्यजित सरांनी, जे शिकवणीचे वर्ग चालवतात आणि ज्यांची मुलगी दुसऱ्यांच्या वर्गाला जाते, ठरावाचे मनापासून स्वागत केले. घरी स्वतःची मिठाई न खाणारे मिठाईवाले तर गहिवरले. ठराव मांडणारे सोडून उपस्थित त्रेचाळीस, बाजूने त्रेचाळीस, विरोधात शून्य. नावे लिहायला वही फिरली, तेव्हा एकेचाळीस जणांना कंबरदुखी असल्याचे निष्पन्न झाले आणि उरलेल्या दोघांना घरी गॅस चालू राहिल्याचे आठवले.

वही सध्या भालचंद्ररावांकडे आहे. पहिल्या ओळीवर त्यांनी स्वतःचे नाव लिहिले असून ते एकसष्टांपैकी कोणत्या पुलापासून सुरुवात करावी याच्या विचारात आहेत. दुसरी ओळ मोकळी आहे. आपण इथवर हसत वाचत आलात, म्हणजे आपली कंबर शाबूत दिसते. आपण काय काम करता म्हणालात?