जरा मागं राहा

कोहक्यातल्या आमच्या गल्लीत गजभियेकाकांशी कुणालाच जवळून बोलता येत नाही. आपण एक पाऊल पुढे टाकलं की ते एक मागे घेतात. "जरा मागं राहा. माणसाचा डोळा पन्नासचा असते." पन्नास म्हणजे त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून तो कॅमेरा त्यांच्या गळ्यात असतो. त्यात रोल आहे की नाही, हे विचारायची सोय नाही.

मोबाइलवर त्यांचा विशेष राग. माझ्या पुतणीच्या लग्नात सेल्फीसाठी ओढलं, तर खुर्चीमागे दडले. "वाइड लेन्स हाय ते. जवळून काढलं का नाक मोठं अन् कान गायब. मले भूत कावून बनवून राहिले तुमी?" मग स्वतःच्या कॅमेऱ्यात मावावं म्हणून अख्ख्या वऱ्हाडाला त्यांनी असं मागे मागे रेटलं की नवरदेवाचे मामा भात वाढणाऱ्यावर जाऊन आदळले.

तसा माणूस भित्राच. कुत्रं भुंकलं तरी दचकतात. पण मध्यंतरी मोबाइलवर बिबट्याचा फोटो फिरला, मागे आमचीच पाण्याची टाकी, आणि गल्लीने भरदुपारी दारं लावून घेतली, तेव्हा आम्हाला धीर दिला तो यांनीच.

"टेलिलेन्स दूरचं जवळ खेचते. बिबट्या अन् टाकीच्या मधात कोसभर जागा असन."

"आणि आपल्या डोळ्याला कसं दिसतं?" मी विचारलं.

"डोळ्याले बाजूचंबी लय दिसते. पण ते नुसतं भेवासाठी. काही हललं का दचकाचं. माणूस वळखू येते तो मधातल्या पन्नासमध्येच." हे सांगताना ते स्वतःच्या घराकडे बघत होते.

घरात काकू. त्यांचं विसरणं वाढतच चाललंय. आधी गॅस विसरल्या, मग लेकीचं नाव. आता विसरलं जायची आपली पाळी, या धास्तीने काका पार खंगले होते.

परवा संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. धावत गेलो, तर काकू पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसलेल्या आणि काका चहाचा कप घेऊन शेजारी उभे.

"बाबू, ह्या माणसाले बाहेर काढ," काकू मला म्हणाल्या. "रोज अंगाशी येते. मले भेव लागते."

जन्मभर ज्यांचा डबा भरला, त्यांच्याकडेच त्या चोराकडे बघावं तसं बघत होत्या.

काकांनी कप माझ्या हातात दिला. काकूंवरची नजर न हलवता ते मागे सरकत गेले, अंगण ओलांडून थेट फाटकापाशी. ड्युटीवरून आले की सायकल टेकवायचे, तिथे. काकूंनी मान वाकडी करून उघड्या दारातून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. काकांनी फाटकाची कडी घट्ट धरली होती.

मग काकूंनी पदर सारखा केला.

"आज लय उशीर केला तुमी," त्या म्हणाल्या. "या ना आत. चहा थंडा होऊन राहिला."

काकांचा पाय उचलला गेला आणि तिथेच थांबला. आत यायची त्यांची हिंमत होईना.

"तू घे चहा," ते तिथूनच म्हणाले. "मी इथून दिसून राहिलो ना तुले?"