केशरी वायर आणि देवमासा

"डॉन डेलबेर्तो, उठा! वारा पडला! आज होड्या निघणार!"

होडीवाल्या कॅप्टन कुकोने घरगाडीच्या दारावर थाप मारली तसा त्याच्या स्पॅनिश तोंडी डेलबेर्तो झालेला डेलबर्ट पलंगावरून ताडकन उठला आणि गाडीच्या छताला डोकं आपटून पुन्हा खाली बसला. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. आठवडाभर वाऱ्याने खाडी बंद ठेवली होती आणि उद्या तर परतीचा रस्ता धरायचा होता, थेट कॅनडातल्या सस्कॅचवानच्या बर्फापर्यंत. म्हणजे काय ते आजच.

दर हिवाळ्यात डेलबर्ट आणि त्याची बायको मार्लिस घरगाडी घेऊन मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर, कॅनडावाल्यांच्या तळावर येत. दर हिवाळ्यात देवमाशांच्या माद्या पिल्लं घेऊन होडीला बिलगत, माणसांकडून डोकं खाजवून घेत. आणि दर हिवाळ्यात त्या नेमक्या डेलबर्टच्या उलट्या बाजूने येत. तो डावीकडे बसला की मासा उजवीकडे. तो उजवीकडे सरकला की मासा बुडी मारून डावीकडे. मार्लिसने आजवर इतके देवमासे कुरवाळले होते की ती शेजारच्या मांजराबद्दल बोलावं तशी त्यांच्याबद्दल बोलायची. तळावरची मंडळी संध्याकाळी शेकोटीपाशी हमखास विचारायची, "काय डेलबर्ट, यंदा तरी?" आणि मग सगळ्यांना एकदम खोकला यायचा.

"पुढची जागा कुणाला?" डेलबर्टने दारातूनच विचारलं.

"धक्क्यावर पहिला पोचेल त्याला," म्हणून कुको पुढच्या गाडीकडे वळला.

आता, कॅनडावाल्यांची रीत अशी की सकाळी दारात आलेल्या माणसाला कॉफी पाजल्याशिवाय सोडायचं नाही. त्यांची कॉफी म्हणजे रंग दिलेलं गरम पाणी. पण पाणी ते पाणीच. शेवटच्या गाडीपर्यंत पोचता पोचता कुकोची चाल बदलली होती. तो झपाझप मागे फिरला आणि डेलबर्टच्या गाडीमागे जो झावळ्यांचा संडास होता त्यात घुसला.

याच संडासाच्या खांबावर तळावरचं एकुलतं एक विजेचं सॉकेट होतं. आणि सस्कॅचवानचा माणूस रात्री झोपण्याआधी दात घासायला विसरेल, पण गाडीच्या इंजिनाला ते गरम ठेवणारी विजेची वायर लावायला विसरणार नाही. तिकडच्या थंडीत वायर लावली नाही तर सकाळी इंजिनात तेलाचं मेण झालेलं असतं. इथे माणसं अर्ध्या चड्डीत फिरत होती. तरी डेलबर्ट रोज रात्री ती जाडजूड केशरी वायर ओढत नेऊन खांबाला लावायचा. "अरे, इथे इंजिनाला घाम येतोय," मार्लिस म्हणायची. "असू दे. हाताला सवय आहे," तो म्हणायचा. या वाऱ्यात प्लग निघायला लागला म्हणून त्याने वायर खांबाला आवळून गाठही मारली होती. ती गाठ गुरं बांधायची होती. बैल सुटला नसता.

इकडे हरवलेला बूट एकदाचा सापडताच डेलबर्टने मागे नजर टाकली. पलंगावर रजईचा उंचवटा दिसला. झोपू दे बिचारीला, असं म्हणत त्याने गाडी चालू केली आणि दामटली. मागे काहीतरी कडाडलं. भांडी पडली असतील. आरशात नुसती धूळ.

धक्क्यावर कुणीही नव्हतं. पहिला! डेलबर्टने गाडीतच एक छोटा नाच केला. "मार्लिस, ऊठ गं! पुढची जागा आपली!" रजई बोलेना. उचलून पाहिली तर खाली दोन उशा.

हळूहळू तळावरची मंडळी आली. कुकोचा मात्र पत्ता नाही. "या लोकांना वेळेचं काही आहे की नाही!" डेलबर्ट घड्याळ पाहत करवादला.

"डेलबर्ट," शेजारचा ऑर्विल म्हणाला, "तू संडास बरोबर का आणलास?"

गाडीमागे केशरी वायर होती, वायरीला खांब, खांबाला झावळ्यांच्या भिंती, भिंतींना दार आणि दाराच्या खिळ्याला एक पट्ट्यांची, कोळी लोक घालतात तसली रबरी विजार.

"आणि ही कुणाची?" ऑर्विलने विजार काठीवर उचलून धरली.

तेवढ्यात तळावरचा जुना ट्रक आला. मार्लिस चालवत होती. शेजारी कॅप्टन कुको, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या लांब पिवळ्या रेनकोटात. तो खाली उतरला तेव्हा कोटाखाली गुलाबी फुलांचा पायजमा डोकावला. डेलबर्टने तो लगेच ओळखला. गेल्या नाताळात त्यानेच बायकोला दिला होता आणि कालपासून तो तळावरच्या दोरीवर वाळत होता.

"मार्लिस, काय झालं?" तो कुजबुजला.

"काय होणार? मी बाहेर थांबले होते. ते आतून म्हणाले, 'एक मिनिट, सेन्योरा.' आणि मिनिट व्हायच्या आत आमच्यामधलं दारच गेलं."

"मग?"

"मग मी सकाळचा नमस्कार घातला, 'ब्वेनोस दियास, कॅप्टन.' दुसरं काय म्हणणार?"

"कॅप्टन, ही विजार कुणाची असेल हो?" ऑर्विल ओरडला.

कुकोने आपल्या विजारीकडे परक्यासारखं पाहिलं. "काय माहीत. असेल कुणातरी विसरभोळ्याची." मग तो डेलबर्टच्या कानाशी आला. "माझा धाकटा भाऊही होडी चालवतो. त्याला हे कळलं तर मरेपर्यंत मला या खाडीत कुणी कॅप्टन म्हणणार नाही. तुम्ही काही पाहिलं नाही."

"शप्पथ नाही पाहिलं. आणि पुढची जागा?"

"पुढची जागा! माझ्या पायाशी बसायचं, इंजिनाला टेकून. हलायचं नाही."

होडी निघाली. पाणी आरशासारखं होतं आणि खाडीभर फवारे उडत होते, इकडे एक, तिकडे दोन. मग होडीच्या पुढच्या टोकाशी एक प्रचंड राखाडी पाठ वर आली. सगळी होडी किंचाळली, सगळी तिकडे धावली. मार्लिसने बाही वर सारून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. "ये गं बाई, ये!" डेलबर्टला दिसत होत्या त्या फक्त सगळ्यांच्या पाठी.

त्याच वेळी त्याच्या कोपरापाशी कुणीतरी सुस्कारा टाकला.

त्याने वळून पाहिलं. पिल्लू होतं. पिल्लू म्हणजे त्याच्या गाडीएवढं. त्याने हनुवटी वर उचलली आणि डेलबर्टच्या उजव्या तळव्यात आणून ठेवली. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत, थंड आणि जिवंत. एक डोळा त्याला न्याहाळत होता. डेलबर्टने ओरडायला तोंड उघडलं, पण पिल्लू बिचकेल म्हणून लगेच मिटलं. मग पिल्लाने त्याच्या तोंडावर सडक्या मासळीच्या वासाची वाफ फुर्र करून सोडली आणि ते बुडालं.

"मार्लिस!!"

"काय रे?"

"मासा! माझ्या हातात! हनुवटी!"

"हो का," ऑर्विल म्हणाला आणि सगळ्यांना एकदम खोकला आला.

"कॅप्टन, तुम्ही पाहिलंत ना! इथेच होतात! सांगा ना यांना!"

कुकोने एका हाताने सुकाणू धरलं, दुसऱ्याने कोटाखालचा पायजमा वर ओढला. "मी? मी काही पाहिलं नाही. आज सकाळपासून कुणीच काही पाहिलेलं नाही, डॉन डेलबेर्तो."

संध्याकाळी शेकोटीभोवती मक्याच्या पोळीत मासळी भरलेले टाको फिरत होते. पाहुणा म्हणून आलेला कुको पलीकडे बसला होता. ज्याची असेल त्याने न्यावी म्हणून विजार तळाच्या फाटकावर टांगली होती, आणि तो अधूनमधून तिच्याकडे उसासा टाकून पाहत होता.

"काय डेलबर्ट," ऑर्विलने विचारलं, "यंदा तरी?"

डेलबर्टने तोंड उघडलं. ज्वाळांपलीकडे कुकोचा घास हातातच थांबला.

"नाही," डेलबर्ट म्हणाला. "यंदाही नाही."

हशा पिकला. मार्लिस मात्र हसली नाही. जन्मभर उजव्या हाताने जेवलेला तिचा नवरा डाव्या हाताने जेवत होता, आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवून होता, झोपलेलं पाखरू ठेवावं तसा. ती वाकली आणि त्या तळव्याचा वास घेतला.

"हात धुतला नाहीस?"

"नाही."

"धुणार आहेस?"

"सस्कॅचवानला पोचल्यावर बघू," डेलबर्ट म्हणाला.

मार्लिसने पाण्याचा जग उचलला आणि त्याच्यापासून लांब नेऊन ठेवला.